दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं खोकं लगेच उघडा

२०१४ साली फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ ६ ऑक्टोबरला झाला, लक्ष्मीपूजनाच्या जेमतेम अडीच आठवडे आधी. २०२४ मध्ये तोच सेल सप्टेंबरअखेर, ऐन पितृपक्षात लागला. लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला. घाई विकणाऱ्याची, आपली नव्हे. तरी घेतलंच, तर ‘पाडव्याला उघडू’ म्हणून वस्तू माळ्यावर टाकू नका. परत करायची मुदत बऱ्याचदा सात-दहा दिवसांचीच असते, आणि वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात. खोकं आलं की उघडा, चालवून बघा, मग हवं तर पुन्हा बांधून पूजेला ठेवा. आणि हो, हव्या त्या वस्तूच्या किमतीचा स्क्रीनशॉट गणपतीतच काढून ठेवा. छापील किमतीवरची ‘७० टक्के सूट’ त्याच्याशी ताडून बघता येते.