लहान वायनरीने विक्रीची आखणी कशी करावी

नाशिक परिसरात वायनरी उभारू पाहणारा बागायतदार टाक्या, शीतकरण आणि द्राक्षाच्या वाणांचा हिशेब बारकाईने मांडतो. मात्र तयार बाटली कोणत्या परवान्याने आणि कोणाच्या हातून ग्राहकापर्यंत जाणार, हा प्रश्न बहुधा पहिला माल तयार झाल्यावरच पुढे येतो. हा क्रम उलटा असावा. कोणत्या वाटेने माल विकता येईल हे आधी ठरवावे आणि टाक्यांची क्षमता त्यावरून काढावी.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने मद्याचे उत्पादन, वाहतूक आणि विक्री हे विषय राज्यांकडे सोपवले आहेत, तसेच मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे नाशिकची वाईन कर्नाटकात पाठवणे हे कायद्याच्या दृष्टीने जवळपास निर्यातच ठरते: तिकडच्या राज्याचा आयात परवाना, इकडचा वाहतूक पास, तिकडची लेबल नोंदणी आणि तिकडचा कर. मोठी कंपनी हा खर्च लाखो बाटल्यांवर वाटते, तर लहान वायनरीच्या काहीशे खोक्यांवर तोच खर्च पडला की नफा उरत नाही.

म्हणून सुरुवात स्वतःच्या दारातून करावी. वायनरीच्या आवारात चाखणी आणि किरकोळ विक्री करण्याचा परवाना उत्पादनाच्या परवान्यापेक्षा वेगळा असतो, हे लक्षात ठेवून त्याचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात आधीच करावा. येथे विकल्या गेलेल्या बाटलीवर घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांची कमिशने जात नाहीत, आणि पैसा त्याच दिवशी हाती येतो. माझ्या मते पहिल्या काही हंगामांत निम्म्याहून अधिक माल येथेच विकला जाईल अशा बेतानेच उत्पादन घ्यावे.

दुसरी पायरी जिल्ह्यातील आणि पुण्या-मुंबईतील दुकाने व परमिट रूम यांची. वाईन शॉपचे कपाट व्हिस्की आणि बिअरने भरलेले असते, कारण दुकानदाराचा गल्ला त्यांच्यावर चालतो. घाऊक विक्रेत्याशी करार करताना उधारीची मुदत, न खपलेला माल कोणाचा आणि स्कीमचा (दुकानदाराला द्यायच्या सवलतींचा) खर्च कोणी सोसायचा, हे तिन्ही मुद्दे लेखी असावेत. वाईन द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्या काळात बागायतदारांची देणी द्यायची असताना पैसा दुकानांत अडकलेला असणे हेच अनेक लहान वायनऱ्यांचे खरे दुखणे असते.

राज्यातील द्राक्षांपासून बनवलेल्या वाईनसाठी 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने सवलती दिल्या, आणि पुढे प्रोत्साहन योजनेतून 20 टक्के मूल्यवर्धित करापैकी 16 टक्के परताव्याची सोय झाली. परंतु परतावा हा नंतर मिळणारा पैसा आहे. मध्यंतरी ही योजना बंदही पडली होती, त्यामुळे तो खेळत्या भांडवलात धरू नये.

परराज्यात जायचेच असेल, तर एका वेळी एकच राज्य निवडावे. कर्नाटकात घाऊक व्यवहार 2003 पासून राज्य पेय महामंडळामार्फत चालतो, तर तमिळनाडूत किरकोळ दुकानेही टास्मॅक या शासकीय मद्यविक्री महामंडळाची आहेत. म्हणजे तेथे विकत घेणारा एकच, आणि त्याच्या अटी बदलण्याइतके वजन लहान उत्पादकाकडे नसते. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. अशा स्थितीत गोवा किंवा बंगळूर येथील मोजक्या हॉटेलांची मागणी आधी पक्की करून मगच नोंदणी शुल्क भरणे शहाणपणाचे.

लेबल छापण्यापूर्वी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक नियमांतील वैधानिक इशारा आणि त्या त्या राज्याची मंजुरी तपासावी. हजारो लेबले छापून झाल्यावर दुरुस्ती परवडत नाही.

सुपरमार्केटचा उल्लेख अजूनही चर्चांमध्ये होतो. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या दुकानांत स्वतंत्र कपाटातून वाईन विकण्यास मान्यता दिली, पण अण्णा हजारे यांच्यासह अनेकांच्या विरोधानंतर अंमलबजावणी थांबली. बँकेला दाखवायच्या आराखड्यात या विक्रीचा आकडा शून्यच लिहावा.