आय.ओ.डी.ई.च्या शाखेचा इतिहास लिहायचाय?

इम्पीरियल ऑर्डर डॉटर्स ऑफ द एम्पायर ही कॅनडातली महिला संस्था मार्गारेट पोल्सन मरे यांनी १९०० साली, दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध चालू असताना सुरू केली. पहिली शाखा फ्रेडरिक्टनची. एवढी प्रस्तावना पुरे, थेट आपल्या शाखेकडे या.

सभेच्या इतिवृत्ताआधी मी नेहमी खजिनदारबाईंची वही उघडते. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच असतं. वहीत मात्र मोज्यांची लोकर, चहापानाची जमा, हॉलचं भाडं, सगळं तारीखवार सापडतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून महिना महिना जुळवा.

खरी डोकेदुखी नावांची. यादीत सगळ्या ‘मिसेस रॉबर्ट अमुक’! बाईचं स्वतःचं नाव हवं तर शहराच्या जुन्या डिरेक्टरीतून पत्ता काढा आणि तो १९२१ किंवा १९३१ च्या जनगणनेत शोधा. दोन्ही आता सर्वांसाठी खुल्या आहेत. वेळ जातो, पण नवऱ्याच्या नावाखाली बाईला गाडून ठेवलेला इतिहास मला तरी अर्धवटच वाटतो.

स्थानिक वर्तमानपत्रातलं महिलांचं सदर चाळा. संस्थेचं ‘एकोज’ नियतकालिकही बघा.

स्थलांतरितांना ‘ब्रिटिश वळण’ लावण्याचा या बायकांचा आग्रहही लिहा. संस्थेनं दिलेल्या शिष्यवृत्त्यांचं कौतुक करताना तो गाळू नका.

फोटोंच्या मागे नावं मऊ पेन्सिलीनं, कडेला लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.