गुडघा बदलल्यावर सूज उतरवायला मटारचं पाकीट

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर सूज काही हटेना आणि मेडिकलमधून आणलेला जेलपॅक फ्रीजरमध्ये असा दगड व्हायचा की गुडघ्यावर बसायचाच नाही. शेवटी फ्रोझन मटारचं पाकीट काढलं, दाणे सुटे असतात ना, त्यामुळे गुडघ्याला चारी बाजूंनी छान लपेटून बसतं.

१. पाकीट आधी आपटून मोकळं करा, मग कोरड्या पातळ पंच्यात गुंडाळा. थेट कातडीवर नको, ऑपरेशननंतर तिथं बधिरपणा असतो, बर्फ चावतोय हे कळतच नाही.

२. पाय लांब करून उशी पोटरी आणि टाचेखाली, गुडघ्याखाली नाही!! तिथं बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग सरळ व्हायला रडवतो.

३. १५-२० मिनिटं, बास. व्यायाम झाल्यावर लगेच केलं तर जास्त आराम पडतो. पट्टी ओली होऊ देऊ नका.

दोन पाकिटं ठेवा, आलटून पालटून. वर पेनने खूण करा नाहीतर कोणीतरी उसळ करेल (आमच्याकडे झालीच होती).

आणि हो, भेटायला येणारे तेल, लेप, हळदीच्या कॅप्सूल सगळं सुचवतात. जखमेवर काहीही चोळू नका, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या नाहीतर कुठल्याही आयुर्वेदिक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, रक्तस्राव वाढू शकतो.