लांबलचक इंग्रजी शब्दांची हौस आहे? मग या चुका टाळा

शब्दखेळाचं वेड लागलं की लांब शब्दांचा मोह होतोच, आणि तो होऊ द्यावा. अडचण वेगळीच असते. बहुतेक जण आधी शब्दाची लांबी बघतात, मग स्पेलिंग घोकतात आणि अर्थ सवडीने पाहू म्हणतात. त्यामुळे शब्द आठवडाभरात विसरतो आणि स्क्रॅबल या अक्षरांच्या टाइल लावून शब्द जुळवायच्या खेळात पटावर तर कधीच उतरत नाही.

जितका लांब तितका फायद्याचा, हा समज

स्क्रॅबलच्या पटावर 15 बाय 15 घरं असतात, त्यामुळे 16 अक्षरी शब्द तिथे बसतच नाही. ज्यातलं कळत नाही त्यावरही ठामपणे मत देणाऱ्याला 'अल्ट्राक्रेपिडेरियन' म्हणतात. माझा हा अतिशय लाडका शब्द, पण अक्षरं भरतात नेमकी 16. घंटांचा किणकिणाट म्हणजे 'टिंटिनॅब्युलेशन', त्याचंही तेच. शिवाय हातात एका वेळी सातच टाइल असतात. सातही एकदम लावल्या तर 50 गुण जास्तीचे मिळतात, म्हणून खरी कमाई सात-आठ अक्षरी शब्दांत आहे.

1982 साली मँचेस्टरमध्ये कार्ल खोशनाव यांनी एका चालीत 392 गुण मिळवले, ते 'कझीक्स' या आठ अक्षरी शब्दावर. कझीक म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख. हिशोब करून बघा. अक्षरांचे मूळ गुण 28. दहा गुणांचा क्यू दुप्पट गुणांच्या घरात पडला, म्हणजे झाले 38. शब्द तिप्पट गुणांच्या दोन घरांवर पसरलेला, म्हणून नऊपट: 342. त्यात सात टाइलचे 50. पाठांतर करायचंच असेल तर झेड आणि क्यू असलेले असे मध्यम लांबीचे शब्द आधी घ्या.

टाइलचा हिशोब न करणं

'पिझॅझ' म्हणजे दिमाख, झगमगाट. अक्षरं सातच, पण त्यांत झेड चार वेळा येतो. इंग्रजी संचात झेड एक आणि कोऱ्या, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, टाइल दोन, म्हणजे हा शब्द लावणं अशक्य. शोभेच्या किरकोळ वस्तूला 'निकनॅक' म्हणतात. सुरुवातीच्या मूक अक्षरासह त्यात के चार वेळा येतो आणि के ची टाइलही एकच.

अखंड शब्द घोकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' हा 45 अक्षरी शब्द सलग पाठ करायला गेलात तर मधेच कुठेतरी अडखळणार. त्यापेक्षा शेवटाकडून सोडवत या. 'ओसिस' म्हणजे विकार, 'कोनिस' म्हणजे ग्रीकमध्ये धूळ, मग ज्वालामुखी, सिलिका, सूक्ष्म, अति आणि अगदी पुढे फुफ्फुस. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा विकार, असा अर्थ आपसूक उभा राहतो आणि तुकड्यांचा क्रमही लक्षात बसतो. डॉक्टर मात्र नुसतं 'सिलिकोसिस' म्हणतात. कारण हा शब्द दवाखान्यात जन्मलाच नाही. नॅशनल पझलर्स लीग या अमेरिकन कोडीप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो 1935 मध्ये मुद्दाम लांब रचला. म्हणून याला वैद्यकातला रुळलेला शब्द म्हणून मिरवू नका. तो आपल्यासारख्यांनी आपल्यासारख्यांसाठी घडवलेला आहे, आणि मला तो त्यामुळेच जास्त जवळचा वाटतो.

आवाजावरून अर्थ लावणं

'नॉयसम'चा गोंगाटाशी संबंध नाही, त्याचा अर्थ दुर्गंधी किंवा किळसवाणं. 'मेरेट्रिशस'मध्ये गुणवत्ता ऐकू येते, पण तो वरवर भपकेबाज आणि आतून पोकळ गोष्टीला लावतात. 'पल्क्रिट्यूड' कानाला ओबडधोबड लागतो आणि अर्थ आहे सौंदर्य!

स्क्रॅबलच्या स्पर्धेत अर्थ विचारत नाहीत, हे खरं. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना 2015 ची फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. पण तशी विलक्षण स्मरणशक्ती क्वचितच कुणाकडे असते. बाकीच्यांना शब्द धरून ठेवायला अर्थाचाच आधार लागतो.

शब्द देवनागरीत लिहून पाठ करणं

आपल्यातल्या अनेकांची ही जुनी सवय. उच्चार पक्का होतो, पण लागोपाठ दोनदा येणारी अक्षरं गळतात. 'टिंटिनॅब्युलेशन'मध्ये दुसऱ्या टी-आयनंतर एन दोनदा आहे, आपल्या लिपीत तो दिसत नाही. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं या अर्थाचा 29 अक्षरी 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' घ्या. त्यात आय नऊ वेळा येतो आणि ई एकदाही नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी लिहून झाल्यावर स्वतःचं स्वतः तपासता येतं. प्रत्येक नव्या शब्दाची अशी एखादी खूण रोमन लिपीत, स्वतःच्या हाताने वहीत टिपून ठेवा.

अनेकवचनही मूळ शब्दासोबतच टिपा. पोटातल्या गुडगुडीला 'बोर्बोरिग्मस' म्हणतात. अनेकवचन करताना त्याला नुसता एस जोडून चालत नाही, शेवटचे यू आणि एस जाऊन आय येतो.

कोश न ठरवता खेळायला बसणं

अमेरिका-कॅनडातल्या स्पर्धांची शब्दयादी वेगळी, कॉलिन्स या ब्रिटिश कोशाची वेगळी. दुसरीत असे कितीतरी शब्द आहेत जे पहिलीत नाहीत. कोणती यादी मानायची ते पहिली टाइल उचलण्याआधी ठरवा, आणि शंका आली तर त्या एकाच यादीत बघा.