पावसाळ्यात आणलेला कोंबडा: आधी अंग तपासा, मग स्वभाव ठरवा

तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) समजून पाळलेल्या पिल्लांपैकी काही चार-पाच महिन्यांनी आरवायला लागतात आणि मग त्यांच्यासाठी दुसरं घर शोधलं जातं. दत्तक येणारे बरेचसे कोंबडे असे ऐन वयात येताना हात बदललेले असतात. प्रवासाचा ताण, अनोळखी जागा आणि वर पावसाची दमट हवा एकदम अंगावर आली की दबलेला आजार उफाळतो आणि स्वभावही बिघडल्यासारखा दिसतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात ‘हा मारका आहे’ असा शिक्का मारू नका. दुखणं असलेला कोंबडा चिडतो, भ्यालेलाही चिडतो, आणि या दोन्हींवर बरंच काही करता येतं.

पहिले 30 दिवस वेगळा

कोंबडा कितीही तजेलदार दिसला तरी महिनाभर जुन्या कळपात सोडू नका. सीआरडी या जुनाट श्वसनरोगाला कारण असणारा मायकोप्लाझ्मा हा जंतू पक्ष्याच्या अंगात आयुष्यभर दडून राहू शकतो. ताण पडला की शिंका, श्वासाची घरघर आणि डोळ्यांत फेस दिसू लागतो. औषधाने लक्षणं जातात, पण तो पक्षी वाहक राहतो. एकदा कळपात शिरलेला हा रोग मग निघत नाही.

वेगळं खुराडं जुन्या कळपापासून निदान 10 मीटर लांब हवं, आणि जागा जितकी लांब मिळेल तितकं बरं. पावसाळ्यात अंतराइतकाच जमिनीचा उतार महत्त्वाचा. नव्या कोंबड्याच्या खुराड्यातलं वाहतं पाणी जुन्या कळपाकडे जात असेल तर अंतराचा काही उपयोग नाही. खाद्य-पाण्याची भांडी, झाडू आणि चपला वेगळ्या ठेवा. रोज आधी जुन्या कळपाचं काम उरका, मग नव्याकडे जा, आणि नंतर साबणाने हात धुवा.

हातात घेऊन तपासणी

दिवसा पाठलाग करून पकडू नका. अंधार पडल्यावर तो दांडीवर बसला की मंद उजेडात दोन्ही पंख अंगाशी धरून उचला. छातीचं हाड बोटांनी चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर तो उपाशी, जंतांनी पोखरलेला किंवा जुना आजारी आहे. गळ्याखालची अन्नपिशवी रात्री भरलेली आणि पहाटे खाद्य देण्याआधी रिकामी असायला हवी. सकाळीही ती फुगलेली, लिबलिबीत राहिली आणि चोचीला आंबूस वास आला, तर अन्नपिशवी नीट रिकामी होत नाही.

आता शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसाच्या देठाशी पांढुरके दाणे चिकटून त्यांचा गठ्ठा झालेला दिसला तर ती उवांची अंडी. पक्ष्यांसाठीची भुकटी पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे मांड्यांवर, पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती लावा. भुकटीने अंडी मरत नाहीत, म्हणून 7 ते 10 दिवसांनी पुन्हा लावा. दुसरी खेप चुकवली की महिन्याभरात उवा पहिल्याइतक्याच होतात. लाल माइट हे बारीक किडे मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. ते फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं घासा. त्यावर लाल रेघा उमटल्या तर उपचार कोंबड्याइतकाच खुराड्यावर करावा लागेल.

पायाचे खवले उचललेले, जाड, पांढरट पापुद्रे धरलेले दिसले तर तेही माइटच, खवल्यांखाली बीळ करून राहणारे. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने हलकेच घासा, कोरडे करा आणि व्हॅसलीनचा जाड थर द्या. हे आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे चालू ठेवा. रॉकेल किंवा डिझेल अजिबात लावू नका, कातडी भाजते. खवले नखाने उपटू नका, रक्त येतं. पाय असे ठणकणारा कोंबडा जवळ येणाऱ्याला चोच मारतो आणि लोक त्याला रागीट म्हणतात.

तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर ते फोड धरलेलं दुखणं आहे. ओल्या, खडबडीत जागी कातडी फाटते आणि आत जंतू शिरतात. जड कोंबडा उंचावरून उडी मारत असेल तरी हेच होतं. जड जातींसाठी दांडी 45 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आणि ती 5 सेंटिमीटरच्या आसपास रुंद, कडा गोल केलेली हवी. फोड घरी पिळू किंवा कापू नका.

पायामागचा काटा फार टोकदार असेल तर कानशीने फक्त टोक बोथट करा. आत जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात. मुळाजवळ कापलं तर रक्त थांबत नाही आणि वेदनाही होतात.

ओल हाच खरा शत्रू

खुराड्याच्या जमिनीवर अंथरलेल्या गादीतली मूठभर तूस किंवा भुसा दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा सुटला तर ठीक, तसाच राहिला तर ओल जास्त आहे. कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडी उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढा. मोठ्या कोंबड्याला हा रोग होत नाही असं समजू नका. त्याची प्रतिकारशक्ती त्याने आधी तोंड दिलेल्या प्रकारांपुरतीच असते आणि नव्या जागेचे प्रकार वेगळे असू शकतात. रक्ताळलेली विष्ठा, फुगवलेली पिसं आणि खाली ओढलेली मान ही त्याची खूण.

खुराड्यात बसून नाक कोंबड्याच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर अमोनिया वाढलाय. पडदे सगळे बंद करणं ही पावसाळ्यातली नेहमीची चूक. पाऊस अडवा, पण छताखालची वरची फट उघडी ठेवा.

साचलेल्या पाण्यात डास होतात आणि डासांमधून कोंबड्यांचा देवी रोग पसरतो. तुऱ्यावर आणि चोचीच्या कडेला खपल्या दिसल्या तर त्या काढू नका; विषाणू त्यांच्यातच असतो. लसीची नोंद नसेल तर राणीखेत (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) आणि देवीच्या लसीचं वेळापत्रक पशुवैद्याकडून ठरवून घ्या, मात्र प्रवासाच्या थकव्यात किंवा आजारपणात लस टोचू नका. तुरा निळा-जांभळा पडणं, डोकं सुजणं किंवा कळपात एकाएकी मरतूक होणं यात बर्ड फ्लूची शंका असते. पक्षी हलवू नका, लगेच पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

खाद्य

इथे चूक सगळ्यात जास्त होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असतं. कोंबड्याला त्याची गरज नसते आणि दीर्घकाळ तेच मिळालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. सुमारे 1 टक्का कॅल्शियमचं आणि 14 ते 16 टक्के प्रथिनांचं खाद्य द्या. कळप एकत्र खात असेल तर सगळ्यांना हेच द्या आणि अंडी देणाऱ्या माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. मध्यम आकाराच्या कोंबड्याला रोज 110 ते 150 ग्रॅम पुरतं. पहिल्या दिवशी खाणं कमी असलं तरी पाणी प्यायलाच हवं. जुनं खाद्य आठवडाभरात हळूहळू बदला. पोती जमिनीपासून उचलून ठेवा आणि बुरशीचा वास आला तर ते खाद्य फेकून द्या, वाळवूनही वापरू नका.

स्वभाव

पंख एका बाजूने खाली पाडून तिरपं चालणं, मानेची पिसं उभारणं, एका डोळ्याने रोखून पाहणं ही हल्ल्याआधीची भाषा. लाथ मारली किंवा काठी उगारली की त्याची खात्री पटते की समोरचा प्रतिस्पर्धी आहे. पळालात तर तो जिंकला. थांबा, मध्ये बादली किंवा फळी धरा, आणि तो शांत झाल्यावर सावकाश बाजूला व्हा. कोंबड्यांमधून सरळ चालत जाऊ नका आणि त्याच्यादेखत कोंबडी पकडू नका. दिवस मोठे होत जातात तसा नराचा जोर वाढतो. लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका. काटा थेट चेहऱ्याच्या उंचीवर लागतो. शांत असलेला कोंबडा अचानक चिडका झाला तर वर सांगितलेली तपासणी पुन्हा करा, डोळे विशेष बघा.

नवा कोंबडा आरवत नाही म्हणून घाबरू नका. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये पहाटेचं आरवणं शरीराच्या आतल्या घड्याळावर चालतं असं दाखवलं, आणि 2015 मध्ये असंही की कळपात वरच्या क्रमांकाचा कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. जुना कोंबडा असेल तर नव्याचं गप्प राहणं हे त्याने आपली जागा ओळखल्याचं लक्षण असू शकतं. खाणं आणि विष्ठा नीट असेल तर काळजी नको.

कळपात सोडताना

महिना निर्धोक गेला की जाळीच्या पलीकडे 7 ते 10 दिवस ठेवा, एकमेकांना दिसेल पण चोच पोचणार नाही असं. नंतर रात्री दांडीवर नेऊन बसवा आणि सकाळी खुराडं उघडताना तिथे हजर राहा. खाद्य-पाणी दोन ठिकाणी ठेवा, लपायला आडोसे करा. थोडी झटापट चालेल. रक्त दिसलं की लगेच वेगळं करा, कारण लाल रंगावर सगळेच तुटून पडतात. एका कोंबड्यामागे 8 ते 10 कोंबड्या असाव्यात. दोन आठवड्यांनी कोंबड्यांच्या पाठी पाहा. पिसं झडून कातडी उघडी पडली असेल तर संख्या कमी पडतेय किंवा काटा टोकदार आहे. अशा कोंबडीला बरी होईपर्यंत बाजूला ठेवा आणि कोंबड्याचं वजनही करून बघा. चांगला दाणा सापडला की तो कोंबड्यांना बोलावून देतो आणि स्वतः कमी खातो, त्यामुळे भांडं भरलेलं असूनही तो खंगत जातो. त्याला दिवसातून एकदा बाजूला घेऊन पोटभर खायला द्या.