मुलांना ‘भावना’ शिकवताना शाळेत होणाऱ्या चुका (या चुका टाळा)

आमच्या चौथीच्या वर्गात मी एक चार्ट लावला होता. पाच तोंडं, पाच रंग, खाली शब्द: आनंदी, उदास, क्रोधित, भयभीत, शांत. ट्रेनिंगच्या पीपीटीत होता, रात्री बसून कलर प्रिंट काढली, लॅमिनेशनचे पैसे पण माझ्याच खिशातले. रोज प्रार्थना झाली की एकेक पोरानं यायचं, आज कसं वाटतंय त्या तोंडावर बोट ठेवायचं आणि जागेवर जायचं. दीड महिना झाला तरी २८ पैकी २८ पोरं ‘आनंदी’. मी आपला खूश, वा काय वर्ग आहे माझा. त्यात एक पोरगी रोज आनंदीवर बोट ठेवून बसायची आणि अर्ध्या तासात ‘सर पोट दुखतंय’ म्हणून उठायची. एक दिवस तिला चार्टापाशी नेऊन सगळी तोंडं परत दाखवली, तर तिनं हळूच विचारलं, ‘सर, क्रोधित म्हणजे कोण?’

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात कुठलं पोर घरी जाऊन ‘आई मी क्रोधित आहे’ म्हणतंय सांगा. चूक माझीच होती, आणि अशा अजून बऱ्याच केल्यात, दुसऱ्यांना करताना पण बघितल्यात, म्हणून हे लिहितोय. सामाजिक-भावनिक शिक्षण, म्हणजे ज्याला आता सगळे एसईएल म्हणतात, ते काही नवीन भानगड नाही. अमेरिकेत १९९४ पासून कॅसेल नावाची संस्था यावर काम करते आणि त्यांनी पाच गोष्टी सांगितल्यात: स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याचं समजून घेणं, नाती जपणं आणि विचार करून निर्णय घेणं. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून हॅपिनेस करिक्युलम होता, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण याचा उल्लेख आहे. कागदावर सगळं बरोबर आहे. खरं आपल्या शाळेत उतरवताना गडबड होते, आणि माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा पोराच्या मनात नसतोय, शाळेच्या मांडणीत असतोय, आणि आपण स्क्रूड्रायव्हर घेऊन पोराच्या मागे लागतो.

शब्द आपले, पोरांचे नाहीत

तो चार्ट काढला. मग दोन आठवडे फक्त ऐकायचं ठरवलं, मैदानावर, जेवणाच्या रांगेत, भांडणात पोरं काय बोलतात ते एका वहीत लिहायचं. काय काय निघालं बघा: भ्या वाटतंय, कसंनुसं होतंय, डोकं फिरलंय, पोटात कालवतंय, बेजार झालंय. या ‘बेजार’नं तर माझं कामच केलं. मराठीत बेजार, कन्नडमध्ये पण बेजार चालतं, उर्दू बोलणाऱ्या पोरांच्या घरात पण तोच शब्द, अर्थ थोडा इकडेतिकडे असेल, खरं तिन्ही घरातलं पोर तो तोंडात घेतंय. आता आमच्या भिंतीवर पोरांनीच लिहिलेले शब्द आहेत, त्यात कन्नडमधला ‘सिट्टु’ पण आहे, सिट्टु म्हणजे राग, तो वर्गात सगळ्यात फेमस.

आणि सगळ्यांसमोर बोट ठेवायला लावू नका. सरांसमोर उदासवर बोट ठेवायचं म्हणजे पुढचा प्रश्न येणार, का गं उदास, आणि मग घरचं सगळं सांगायला लागणार, हे पोरांना पक्कं कळतंय. आम्ही काडेपेट्यांच्या खोक्यांत, एका शब्दाला एक खोकं, चिंचोके टाकायला सुरू केलं, कोणी कुठल्या खोक्यात टाकला ते कुणी बघत नाही, मी फक्त शेवटी मोजतो. पहिल्याच दिवशी ‘बेजार’च्या खोक्यात नऊ.

गप्प बसलेलं पोर म्हणजे लाजाळू पोर, असं धरून चालणं

आपल्याकडे ही चूक सगळ्यात महागात पडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. बऱ्याच गावांत मराठी शाळा सातवीला संपते आणि पोर आठवीला कुठल्यातरी मोठ्या गावात, कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमला जातं. सातवीपर्यंत स्टेजवर भाषण ठोकणारं पोर तिथं मागच्या बाकावर मुकं होऊन बसतं. रिपोर्टवर काय येतं, ‘आत्मविश्वासाचा अभाव’. मग त्याला आत्मविश्वास वाढवायच्या सेशनला बसवतात, सेशन पण त्याच न कळणाऱ्या भाषेत.

जिम कमिन्स म्हणून एक संशोधक आहेत, कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांवर त्यांनी काम केलं. त्यांनी दाखवलेली गोष्ट साधी आहे: नवीन भाषेत खेळण्याबोलण्यापुरतं पोर साधारण दोन वर्षांत तयार होतं, खरं पुस्तकाच्या भाषेत विचार करून लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे होतं काय, पोर मैदानावर फाडफाड कन्नड बोलताना दिसतं, आपल्याला वाटतं याला सगळं येतंय, आणि विज्ञानाच्या तासाला गप्प बसला की आपण म्हणतो आळशी आहे, नाहीतर मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नाही हो. हेच कन्नड घरातनं इंग्लिश मीडियमला गेलेल्या पोराचं पण होतं, हा मराठी-कन्नडचा प्रश्न म्हणून बघूच नका.

उपाय काय तर आधी आपल्या भाषेत शेजाऱ्याशी बोलू द्या, दोन मिनिटं, मग वर्गात जमेल त्या भाषेत सांगू दे, अर्धं मराठी अर्धं कन्नड चालेल. भावनांबद्दल बोलताना तर भाषेची सक्ती अजिबात नको. आणि मराठी बोललं की दहा रुपये दंड असले प्रकार काही ठिकाणी अजून चालतात, ते बंद केल्याशिवाय त्या शाळेत एसईएलचं नाव घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घटनेचं कलम ३५० अ प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेत शिकायची सोय करा म्हणतं, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मातृभाषेबरोबरच मूल भीतीपासून मोकळं असावं असंही म्हणतं. एकाच कलमात दोन्ही आहेत, उगाच नाहीत.

भुकेल्या, भिजलेल्या पोराला ‘स्वतःवर ताबा ठेव’ सांगणं

तुम्ही मार्शमॅलोचा प्रयोग ऐकला असेल, व्हॉट्सॲपवर दर महिन्याला फिरतो. लहान पोरासमोर एक गोड गोळी ठेवायची, थांबलास तर दोन मिळतील, आणि जी थांबली ती पुढं आयुष्यात यशस्वी झाली वगैरे. २०१८ मध्ये हाच प्रयोग ९०० हून जास्त मुलांच्या माहितीवर परत तपासला, घरची परिस्थिती हिशोबात धरली, तर ते सगळं नातं एकदम फिकं पडलं. सरळ आहे, ज्याच्या घरात उद्याची खात्री नाही ते पोर समोरचं आज खाऊन टाकणार, त्याच्या जागी तेच शहाणपण आहे.

आता आपल्याकडचं बघा. भीमगडच्या जंगलाकडच्या वाड्यांतनं पोरं पावसाळ्यात चालत येतात, वाटेत ओढा, अंगावर प्लास्टिकचा कागद. ११ वाजता वर्गात येतं, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि आपण दारातच, ‘काय गा, हीच वेळ काय यायची? बाहेर उभा राहा.’ निपाणीकडं विडीच्या घरातली पोरगी रात्री आईला पानं कापून देऊन येते आणि पहिल्या तासाला डुलकी घेते. या दोघांना श्वासाचा व्यायाम शिकवून काय होणार आहे? आमच्या शाळेत दोन कोरडे टॉवेल आणि एक जुनी सतरंजी ठेवली, उशिरा आलेलं पोर गुपचूप येऊन अंग पुसतंय आणि बसतंय, कारण विचारायचं ते नंतर, एकटं असताना. वर्गातली भांडणं यानं जेवढी कमी झाली तेवढी कुठल्या गोष्टीच्या पुस्तकानं झाली नव्हती.

जेवणाचं पण तसंच. अक्षरदासोहच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणात अंड्याच्या दिवशी अंडं न खाणाऱ्याला केळं देतात. चांगली सोय आहे. खरं अंड्याची रांग वेगळी आणि केळ्याची वेगळी केली की दोन मिनिटांत कोण कुठल्या घरातला ते सगळ्या शाळेला कळतंय, आणि पोरं बसतात पण तशीच वेगळी. सकाळी सहानुभूतीचा पाठ घ्यायचा आणि दुपारी स्वतःच रांगा पाडायच्या! रांग एकच ठेवा, ताटात काय घ्यायचं ते पोर ठरवेल, आणि बसायचं हजेरी नंबरानं. सुरुवातीला एकदोन पालक येतील बोलायला. येऊ देत.

जबरदस्तीचं ‘सॉरी’

ऊसाच्या सीझनला अथणी, रायबाग, चिक्कोडी, निपाणी पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, बीडकडच्या असतात, विजापूरकडच्या असतात. बरोबरची पोरं चार महिने आपल्या शाळेत बसली तर बसतात. ओळखीच्या एका शिक्षिकेनं सांगितलेली गोष्ट आहे. टोळीतल्या पोराच्या बोलण्याला वर्ग हसायचा, त्याच्या दप्तराला, म्हणजे खताच्या पिशवीला, हसायचा. एक दिवस त्यानं एकाला ढकललं. बाईंनी दोघांना पुढं बोलावलं, ‘एकमेकांना सॉरी म्हणा, हात मिळवा, आता तुम्ही दोस्त.’ ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते पोर आलंच नाही.

दोघांचं वजन सारखं नव्हतं ना. एकाच्या मागं अख्खा वर्ग आणि गाव, दुसऱ्याच्या मागं कोपीतली आई, ती पण फडात. अशा वेळी दोघांना एकत्र बोलावूच नका. वेगवेगळं ऐका, आधी ज्याला त्रास झालाय त्याचं. त्याला काय झालं तर बरं वाटेल ते विचारा, कधीकधी तो म्हणतो ‘मला फक्त जागा बदलून द्या’, तर द्या. हसणाऱ्यांशी बोलताना ‘तू वाईट आहेस’ नको, ‘हे हसणं आजपासून बंद, आणि तू काय करून हे भरून काढणार’ एवढंच. जातीवरनं, भाषेवरनं, अपंगत्वावरनं चिडवणं हे ‘पोरांचं आपापसातलं’ नसतंय, तिथं मोठ्या माणसानं बाजू घ्यायचीच असते.

१ नोव्हेंबरचं पण इथंच सांगतो, त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतोय आणि सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. एका घरावर लाल-पिवळी पताका, शेजारच्या घरात काळी फीत, आणि २ तारखेला दोन्ही घरची पोरं एका बाकावर. आपण काही झालंच नाही असं दाखवतो, नाहीतर स्वतःच एक बाजू घेऊन मोकळे होतो. मी फक्त एवढं विचारतो, काल रस्त्यावर काय बघितलंत, भ्या वाटलं काय कुणाला. बहुतेक पोरं पोलिसांच्या गाड्यांबद्दल बोलतात.

गोल करून बसवून घरचं काढून घेणं

हे धोक्याचं आहे. ‘आज सगळ्यांनी आपलं एक दुःख सांगायचं’ असली ॲक्टिव्हिटी मी स्वतः एकदा केली आणि एका पोरानं बाबा पिऊन येऊन आईला मारतात ते सांगितलं, संध्याकाळपर्यंत गावात झालं, रात्री त्या पोरालाच मार बसला. तेव्हापासून नियम: ‘पास’ म्हणायचा हक्क सगळ्यांना, घरच्याबद्दल प्रश्न नाही, गोष्टीतल्या पात्राबद्दल बोलायचं. ‘माझे बाबा’ असले निबंध पण जपून. सौंदत्ती भागात देवदासी प्रथेतल्या बायकांची मुलं शाळेत आहेत, १९८२ च्या कायद्यानं मुली देवाला सोडायला बंदी आहे, खरं ‘वडिलांचं नाव काय’ हा प्रश्न वर्गात मोठ्यानं विचारायला कुणी बंदी घातलेली नाही.

आणि पोरानं लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं तर ते गुपित ठेवायचं वचन देऊ नका. पोक्सो कायद्याखाली, २०१२ चा आहे, ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘आधी गावात मिटवू’ चालत नाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही नंबर ऑफिसात नको, पोरांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

बाकी छोट्या चुका पटकन सांगतो. चांगल्या वागणुकीला स्टार देऊ नका, तीच पुढच्या बाकावरची चार पोरं जिंकतात. एसईएलची परीक्षा आणि मार्क तर नकोच नको. आणि छडी हातात ठेवून शांततेचा पाठ घेऊ नका, मारणं आणि मानसिक त्रास दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. (सर्व्हे, निवडणूक ड्युटी, ॲपमध्ये माहिती भरणं यातनं शिक्षकाचं डोकं शांत कधी राहणार ते कुणी विचारत नाही, ते वेगळं.)

सुरू केलं खरं, काहीच होईना?

पोरं खिदळतात: पहिला महिना खिदळणारच, लाज असते, चालू ठेवा. सगळे ‘बरं हाय’ म्हणतात: अजून विश्वास बसलेला नाही, तुम्ही आधी सांगा आज तुम्हाला कशाचा राग आला. एकच पोर रोज भांडतंय: भांडणाची वेळ लिहून ठेवा आठवडाभर, माझ्याकडं एकाची भांडणं कायम पावणेबाराला निघायची, सकाळी उपाशी यायचा.

पालक किंवा एसडीएमसीवाले, म्हणजे शाळेच्या समितीतली माणसं, म्हणतात ‘शिकवायचं सोडून हे काय चालवलंय सर?’ त्यांना सांगायला एक आकडा ठेवा. २०११ मध्ये २१३ कार्यक्रमांचा, २ लाख ७० हजार मुलांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात अशा शिक्षणातनं गेलेली मुलं अभ्यासात पण सरासरी ११ पर्सेंटाइलनं, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत साधारण ११ जागा, पुढं निघाली. तो आपल्याकडचा अभ्यास नाही, म्हणून मी आकडा सांगून थांबत नाही, त्यांना एक दिवस जेवणाच्या वेळी बोलावतो आणि पोरांच्यात बसवतो.

त्या पोट दुखणाऱ्या पोरीचं विचाराल तर, शौचालयाच्या दाराची कडी तुटलेली होती आणि ती दिवसभर जायचीच नाही. कडी ८० रुपयांची.