मक्यावरची पाखरे : राखण कधी आणि कशी करावी

मक्याला पाखरांचा उपद्रव हंगामभर होत नाही. पेरणीनंतरचे पहिले दहा-बारा दिवस आणि कणसात दूध भरल्यापासून दाणा कडक होईपर्यंतचे साधारण तीन आठवडे, एवढ्या दोनच काळांत खरे नुकसान होते. त्यामुळे पेरणीच्या दिवशी उभारलेले बुजगावणे काढणीपर्यंत तसेच ठेवले, तर पाखरांना त्याची सवय होते आणि ऐन गरजेच्या वेळी कावळा त्याच्याच खांद्यावर बसलेला दिसतो. कोणताही उपाय वेळेवर करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर काढून घेणेही महत्त्वाचे आहे.

उगवणीच्या काळात कावळे, पारवे आणि मोर त्रास देतात. कावळा ओळीने चालत जातो आणि कोंब उपटून त्याखालचा फुगलेला दाणा खातो. म्हणून बियाणे चार ते पाच सेंटिमीटर खोल टोकावे, मातीने नीट झाकावे आणि बांधाकडेला सांडलेले दाणे वेचून घ्यावेत, कारण पाखरांना शेताची वाट तेच दाखवतात. पेरणीच्याच दिवशी थोडी रोपे ट्रेमध्ये किंवा कागदी कपात लावून ठेवली, तर आठवडाभरात त्याच वयाच्या रोपांनी नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरता येतात. उशिरा टोकलेले बी मागे राहते आणि शेजारच्या झाडांच्या सावलीत दबते. रोपाला तीन-चार पाने आली की दाण्यातला साठा संपलेला असतो आणि कावळ्याचे लक्ष दुसरीकडे वळते.

यानंतर पाखरे हाकलू नयेत. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली आणि मक्याची मोठी शत्रू ठरली. कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी अळ्या वेचतात. त्यांच्यासाठी एकरी दहाच्या आसपास इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावावेत. मात्र तुरे बाहेर पडण्यापूर्वी हे थांबे न विसरता उपटावेत, अन्यथा आपण पोपटांसाठीच बैठक मांडून ठेवली असे होईल.

दूध भरू लागले की पोपटांचे थवे येतात. पोपट कणसाचे आवरण टोकाकडून फाडतो, थोडे दाणे खातो आणि दुसऱ्या कणसावर जातो. उघड्या टोकातून पावसाचे पाणी शिरून बुरशी धरते, त्यामुळे खाल्ल्यापेक्षा नासलेलेच अधिक होते. हे नुकसान सहसा बांधालगतच्या ओळींत आणि झाडे किंवा विजेच्या तारा जवळ असलेल्या बाजूला जास्त असते. म्हणून सगळ्या शेतावर खर्च करण्याआधी कडेने एक फेरी मारून कोणती बाजू फाटते आहे ते पाहावे.

लहान शेतासाठी मला सर्वांत पटलेला उपाय बिनखर्चाचा आहे. कडेच्या तीन-चार ओळींतील कणसांभोवती त्याच झाडाची दोन-तीन हिरवी पाने, न तोडता, गुंडाळून खोचावीत, म्हणजे वरून उडणाऱ्या पोपटाला कणीस दिसत नाही. कणसाचे केस तपकिरी होऊन सुकल्यावरच हे काम करावे. त्याआधी केस झाकले गेले तर परागीभवन अडते आणि कणीस बोडके राहते.

याच्या जोडीला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने रुपेरी असलेली चमकती फीत बांधावी. पिकाच्या शेंड्यापेक्षा दीड-दोन फूट उंच, पाच-पाच मीटर अंतरावर आणि दोन-तीन पीळ देऊन ती ताणली, की वाऱ्याने चकाकते व गुणगुणते. वारा पडला की तिचा उपयोग संपतो, आणि पंधरवड्यानंतर पाखरे तिला जुमानत नाहीत.

म्हणून माणसाच्या राखणीला पर्याय नाही. (गावात या कामाला ‘पाखरे राखणे’ म्हणतात, राखायचे मात्र पीक असते.) सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास मचाणावर कोणीतरी हवेच. थवा बसण्यापूर्वीच गोफणीचा आवाज काढावा किंवा डबा वाजवावा. एकदा चोच मारून चव कळली, की तो सहज उठत नाही. स्फोटासारखा आवाज काढणाऱ्या पाइपच्या कार्बाइड बंदुकीने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, ती टाळावी. जाळी महाग पडते, त्यामुळे ती काही गुंठे स्वीट कॉर्नपुरतीच परवडते. ती ताणून बांधावी आणि साप किंवा पक्षी अडकला आहे का ते रोज पाहावे.

विषारी दाणे टाकणे हा उपाय नव्हे. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पोपटालाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे, आणि विष खाल्लेले पाखरू पुढे कुत्र्या-मांजराच्या तोंडी जाते. त्यापेक्षा शेजाऱ्यांशी बोलून शिवारात एकाच आठवड्यात पेरणी करावी. सर्वांच्या आधी किंवा सर्वांच्या मागून भरणाऱ्या एकट्या शेतावर सगळे थवे उतरतात.

आवरण पिवळे पडून वाळले आणि दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला, की कणसे उभी ठेवू नयेत. तोडून उन्हात वाळवावीत. टोक फाटलेली कणसे वेगळी काढावीत, आणि त्यातली बुरशी धरलेली कणसे जनावरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नयेत.